जुन्या १:६०० युद्धनौका-किटचा सांधा पुन्हा पुन्हा का उघडतो आणि तो कायमचा कसा मिटवावा

प्लास्टिकच्या मॉडेल-किट बनवणाऱ्या एअरफिक्स कंपनीच्या १:६०० मालिकेतील एखादी जुनी युद्धनौका जोडणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. हलचे, म्हणजे नौकेच्या धडाचे, डावे आणि उजवे भाग चिकटवले, डेक बसवला, सांध्यात पुट्टी भरली, ती घासून सपाट केली, करडा रंग दिला आणि नौका काचेच्या कपाटात ठेवली. काही आठवड्यांनी, किंवा पुढचा उन्हाळा आला की, नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, आणि डेकच्या कडेने एक बारीक रेघ रंगातून वर येते. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा रंग आणि थोड्या काळाने पुन्हा तीच रेघ. दर फेरीत हलच्या बाजूंवरील गोल खिडक्या आणि पत्र्यांच्या उठावाच्या रेषा झिजत जातात, त्यामुळे मूळ दोषापेक्षा दुरुस्तीनेच नौकेचे अधिक नुकसान होते.

अशा वेळी दोष पुट्टीला दिला जातो आणि दुसरी, अधिक महाग पुट्टी आणली जाते. माझे ठाम मत असे आहे की पुट्टी हे या दुखण्याचे मूळ क्वचितच असते. मूळ असते ते प्लास्टिकमध्ये कोंडून राहिलेल्या ताणात, आणि तो ताण सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडण्याच्या द्रावकाचा, पहिला थेंब पडण्यापूर्वीच काढून टाकला नाही तर वरून काहीही भरले तरी सांधा आपल्या वेळेला उघडतोच.

उदाहरणासाठी याच मालिकेतील एचएमएस एजॅक्स ही क्रूझर घेऊ. मराठी वाचकांपैकी काही जण हे किट एका खास कारणाने शोधून मिळवतात. डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत एजॅक्ससोबत लढलेली तिची भगिनी नौका अकिलीस १९४८ मध्ये भारताकडे आली, दिल्ली या नावाने आपल्या नौदलात राहिली, १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत सहभागी झाली आणि १९७८ मध्ये निवृत्त झाली. एजॅक्सच्या किटमधून आयएनएस दिल्ली घडवता येते, मात्र दुसऱ्या महायुद्धातच अकिलीसचा मागील दोनपैकी वरच्या पातळीवरचा सहा इंची तोफांचा बुरूज काढला गेला होता, हे लक्षात ठेवून मागचा भाग बदलावा लागतो. या बदलासाठी मागच्या डेकवर पुष्कळ कापाकापी आणि घासकाम होते, हाताचा दाबही बराच पडतो, आणि म्हणून सांध्यातला लपलेला ताण या नौकेत लवकर उघडा पडतो.

खरी नौका सुमारे १६९ मीटर लांब होती, म्हणजे प्रतिकृती जेमतेम २८ सेंटिमीटर भरते. १:६०० हे प्रमाण म्हणजे एका इंचात पन्नास फूट. एक दशांश मिलिमीटरची भेग या प्रमाणात सहा सेंटिमीटरची होते. कोणत्याही कप्तानाने असा सांधा असलेली नौका समुद्रात नेली नसती. मोठ्या प्रमाणाच्या मॉडेलमध्ये खपून जाणारी रेघ इथे डोळ्यांत खुपते ती यामुळेच.

आधी रेघ वाचावी

उघडलेल्या सर्व सांध्यांचे कारण एक नसते, त्यामुळे घासायला बसण्यापूर्वी रेघ भिंगाखाली आणि तिरप्या प्रकाशात पाहणे आवश्यक आहे. नौकेच्या दोन्ही बाजू नाळेजवळ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून अगदी हलकेच दाबाव्यात. दाबल्यावर रेघ मिटत असेल आणि सोडल्यावर पुन्हा दिसत असेल, तर आतला जोड मेलेला आहे आणि फक्त पुट्टीची पातळ कातडी दोन भागांना धरून आहे. हा ताणाचा दोष होय, आणि तो बहुधा दोन्ही टोकांना किंवा नौकेच्या बरोबर मध्यावर दिसतो, कारण वाकलेला हल तिथेच सर्वांत जास्त ओढत असतो.

रेघ दाबाने हलत नसेल, तिला तीक्ष्ण कडा नसतील आणि ती नखाला भेगेऐवजी उथळ पन्हळीसारखी लागत असेल, तर जोड मजबूत आहे. फक्त सिमेंटमधील द्रावक उडून गेल्यामुळे तिथले प्लास्टिक आकसून खाली बसले आहे. पॉलिस्टायरीनसाठीचे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही, तर दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळते. विरघळलेला भाग काही काळ फुगलेला राहतो. तो फुगलेला असतानाच घासून सपाट केला, तर नंतर आकसल्यावर खळगा पडणारच. ट्यूबमधील दाट सिमेंटने हे जास्त होते, कारण ते प्रमाणाबाहेर वापरले जाते आणि आत बराच काळ ओले राहते.

तिसरी खूण वेगळी आहे: भेग सांध्यात नसून सांध्याला समांतर, एखादा मिलिमीटर बाजूला असते आणि तिच्याभोवती बारीक पांढुरक्या चिरांचे जाळे दिसते. ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनला द्रावक लागला की ते अशा चिरा धरते. वाकडा हल जबरदस्तीने दाबून धरला आणि त्यावर पातळ सिमेंट सढळ हाताने सोडले, तर नेमकी हीच परिस्थिती निर्माण होते. जुन्या किटमध्ये ही खूण दिसली की पुट्टीचा विचार बाजूला ठेवावा, कारण इथे प्लास्टिकच फाटत आहे.

पुट्टी कडेने पापुद्र्यासारखी सुटत असेल तर मात्र दोष खरोखर पृष्ठभागाचा असतो. भाग साच्यातून सुटावेत म्हणून कारखान्यात लावलेल्या तेलकट थराचा अंश त्यांवर राहिलेला असतो. सगळे भाग स्प्रूवर, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन वाळवले की हा प्रश्न संपतो.

ताण येतो कुठून

हलचा प्रत्येक भाग म्हणजे एका बाजूने उघडी, लांब आणि पातळ पन्हळ असते. गरम पॉलिस्टायरीन साच्यात दाबाने भरले जाते, थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसते, आणि जाड जागा पातळ जागांपेक्षा उशिरा थंड होतात. कील, म्हणजे तळाचा मधला कणा, जाड आणि वरची कड पातळ असल्याने भाग साच्यातून निघतानाच थोडा बाक घेऊन निघतो. २८ सेंटिमीटरवर अर्धा टक्का म्हणजे १.४ मिलिमीटर, साचा बनवताना एवढी सूट धरलेली असते, पण हल आणि डेक यांचे आकसणे एकसारखे नसले की डेक किंचित आखूड किंवा किंचित लांब पडतो. पुढे तो भाग कित्येक दशके खोक्यात, इतर स्प्रूंच्या ओझ्याखाली, कोणाच्या तरी माळ्यावर उन्हाळे काढतो आणि बाकात पिळाची भर पडते.

एअरफिक्स १९८६ मध्ये हंब्रोलच्या आणि २००६ मध्ये हॉर्न्बीच्या छत्राखाली गेली, आणि जुन्याच साच्यांतून नव्या खोक्यांत नौका पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. त्यामुळे नवे खोके घेतले म्हणजे सरळ हल मिळेल असे समजू नये. नंतरच्या काढणीत साच्याच्या झिजलेल्या कडांमधून आलेले पातळ पापुद्रे अधिक असतात, आणि ते सांध्याच्या आतल्या कडेला राहिले तर दोन भाग कधीच पूर्ण टेकत नाहीत. माझी पसंती जुन्या, कोरीव काम स्पष्ट असलेल्या काढणीला आहे, जरी ती वाकडी असली तरी. बाक काढता येतो, झिजलेली बारीक कलाकुसर परत आणता येत नाही.

सिमेंटपूर्वीचे काम

हल स्प्रूवरून सोडवून एका सपाट काचेवर सांध्याच्या कडेने उभा ठेवावा आणि कुठे फट दिसते ते पाहावे. मग पाण्याचा चारशे नंबरचा पॉलिश पेपर काचेवर पसरून त्यावर तीच कड हलक्या हाताने, न दाबता, एकाच दिशेने फिरवावी. दाबले तर वाकडा भाग तात्पुरता सरळ होतो, सगळीकडे सारखा घासला जातो आणि उचलल्यावर पुन्हा वाकडाच असतो. हे घासणे बाक काढण्यासाठी नसून कड स्वच्छ व्हावी, पापुद्रे आणि साच्याच्या खुणा जाव्यात, एवढ्यासाठीच आहे.

बाक काढण्यासाठी उष्णता लागते. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होते, म्हणून उकळते पाणी वापरू नये. पातळ कडा त्यात लाटेसारख्या होतात. ६० ते ७० अंशांचे पाणी एका मोठ्या परातीत घ्यावे, हलचा भाग त्यात मिनिटभर पूर्ण बुडवून ठेवावा, मग पाण्याखालीच दोन्ही हातांनी बाकाच्या उलट दिशेला, अपेक्षित रेषेच्या किंचित पलीकडे वाकवून धरावा आणि तसाच धरून थंड पाण्यात न्यावा. एका फेरीत सगळा बाक जात नाही. तीन-चार सावकाश फेऱ्या एका जोरकस फेरीपेक्षा कितीतरी चांगल्या. थंड प्लास्टिक मात्र कधीही वाकवू नये; ते पांढरे पडते, आणि पांढरे पडणे म्हणजे आत सूक्ष्म चिरा सुरू झाल्या असे समजावे. एवढे करून भाग रात्रभर काचेवर सोडावा, कारण सकाळी तो कुठे स्थिरावला आहे यावरूनच काम झाले की नाही ते कळते.

दोन्ही भाग आता हातांच्या हलक्या आधाराने जुळायला हवेत. माझी कसोटी अशी आहे की कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांची गरज धरून ठेवण्यापुरती असावी, ओढून आणण्यासाठी नाही. एखाद्या जागी ओढावे लागत असेल तर त्या जागेसाठी पुन्हा पाणी तापवावे.

यानंतर आतून आधार द्यावा, आणि याच कामाला बहुतेक जण फाटा देतात. हलच्या आतील रुंदीच्या मापाचे, एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे तीन किंवा चार आडवे तुकडे कापून ते दोन्ही बाजूंच्या मध्ये बसवावेत. एजॅक्सची खरी रुंदी सुमारे १७ मीटर होती, म्हणजे मध्यावर हे तुकडे २८ मिलिमीटरच्या आतले असतील. नेमके माप डेक कोरडाच ठेवून काढावे. बाजू आत झुकत असतील तर तुकडे त्यांना बाहेर ठेवतात, बाहेर पसरत असतील तर तुकड्यांना चिकटून त्या आत राहतात, आणि डेकलाही खालून टेकू मिळतो. सांध्याच्या रेषेवर आतून अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या आळीपाळीने एका भागावर आणि मग दुसऱ्या भागावर चिकटवल्या तर दोन्ही भाग एकमेकांत अडकून बसतात आणि जोडाचे क्षेत्रफळ कितीतरी वाढते. जपानच्या शिझुओकातील कंपन्यांनी १९७१ पासून काढलेल्या १:७०० वॉटरलाइन मालिकेत, म्हणजे पाण्याच्या रेषेवरचाच भाग असलेल्या नौकांत, तळाची सपाट पट्टी हे काम काही प्रमाणात आपोआप करते. म्हणून त्या नौकांना ही व्याधी कमी जडते.

जोडताना पातळ सिमेंट ब्रशने रेषेवर टेकवावे आणि केशाकर्षणाने आत जाऊ द्यावे. पाच-सहा सेंटिमीटरचा एक टप्पा, मग थांबणे, मग पुढचा टप्पा. हलके दाबल्यावर सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर आला पाहिजे. तो पुसू नये. वाळल्यावर तोच सर्वोत्तम भराव असतो, कारण तो नौकेच्याच प्लास्टिकचा आहे. त्यानंतर मात्र संयम लागतो. पातळ सिमेंटच्या जोडाला किमान एक आठवडा आणि ट्यूबमधील दाट सिमेंटच्या जोडाला दोन ते तीन आठवडे हात लावू नये. या काळात तोफांचे बुरूज, डोलकाठ्या, धुराडे आणि होड्या यांचे काम करता येते, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

आता जी काही बारीक पोकळी उरेल तिच्यासाठी भराव निवडावा. ट्यूबमधील द्रावकावर चालणारी पुट्टी वाळताना आकसते, म्हणून ती फक्त ओरखड्यांसाठी ठेवावी. सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा पातळ डिंक, आकसत नाही आणि खोलवर जातो, पण त्याच दिवशी, शक्यतो तास-दोन तासांत घासला पाहिजे. नंतर तो भोवतीच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो, आणि मग पॉलिश पेपर कडेचे प्लास्टिक खातो व मध्ये उंचवटा सोडतो. मोठ्या पोकळीत दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरावी. एक मिलिमीटरच्या वरची फट असेल तर मात्र कुठलाच भराव वापरू नये, तिथे प्लास्टिक शीटची चीप ठोकावी. आयएनएस दिल्लीसाठी काढून टाकलेल्या बुरुजाच्या जागी उरणाऱ्या भोकालाही हाच नियम लागू आहे: शीटची चकती बसवून चिकटवावी आणि फक्त तिची कड भरावी.

डेक आणि हल यांच्यातील रेषेबद्दल एक वेगळा विचार करण्यासारखा आहे. खऱ्या नौकेवरही डेकची कड ही दिसणारी रेषा असते. ती पुसून टाकण्याचा अट्टहास करून दोन्ही बाजूंची कोरीव कलाकुसर घालवण्यापेक्षा ती सर्वत्र सारख्या जाडीची आणि तीक्ष्ण ठेवणे योग्य. पूर्णपणे नाहीसा करायचा तो नाळेवरचा उभा सांधा, कीलवरचा सांधा, मागच्या टोकाची मधली रेषा आणि डेकचे दोन तुकडे एकाच पातळीवर मिळतात तिथली आडवी रेषा. घासताना झिजलेल्या गोल खिडक्या पुन्हा पाडाव्या लागतात. बारा इंच व्यासाची खिडकी या प्रमाणात अर्धा मिलिमीटर होते, म्हणून ०.५ मिलिमीटरचे ड्रिल हातानेच, पट्टी चिकटवून आखलेल्या सरळ रेषेवर फिरवावे.

पूर्ण झालेल्या नौकेत सांधा उघडला असेल तर

सगळे उपरकाम, तारा आणि कठडे लागलेली नौका परातीत बुडवता येत नाही. अशा वेळी दुरुस्ती खालून करावी. सांध्यावर बाहेरून मास्किंग टेप घट्ट लावावी, नौका मऊ स्पंजच्या खाचेत उलटी ठेवावी आणि कीलजवळ, आधाराच्या खांबाने झाकल्या जातील अशा जागी, तीन मिलिमीटरची दोन भोके पाडावीत. हळू घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सी सिरिंजमधून एका भोकातून थोडे थोडे सोडावे. दुसऱ्या भोकातून हवा बाहेर जाते. उलट्या नौकेत ते डेकच्या खालच्या बाजूवर पसरते, कडेला सांध्यात शिरते आणि दोन्ही भागांना आतून एक कायमची बैठक देते. एकदम जास्त ओतू नये, कारण इपॉक्सी घट्ट होताना तापते आणि त्या उष्णतेने पातळ डेक लाटेसारखा वाकू शकतो. घट्ट झाल्यावर टेप काढून रेघेत फक्त सायनोॲक्रिलेट सोडावे आणि तेवढ्याच पट्टीवर रंग द्यावा.

ती भोके नंतर बुजवू नयेत, निदान एक तरी उघडे ठेवावे. पूर्ण हवाबंद झालेल्या हलमधील हवा वीस अंशांनी तापली तर तिचा दाब सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, आणि एवढ्या लहान डेकवरही हा जोर तीन-चार किलोंच्या घरात जातो. हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्यातील दुपारपर्यंत असा फरक आपल्याकडे सहज पडतो.

तापमानाचाच दुसरा परिणाम बैठकीशी जोडलेला आहे. वीस अंशांच्या फरकाने २८ सेंटिमीटरचे पॉलिस्टायरीन सुमारे ०.४ मिलिमीटर लांबते, तर सागाची पट्टी तंतूंच्या दिशेने जवळजवळ लांबत नाही. नौका दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट आवळलेली असेल, तर हा फरक दर उन्हाळ्यात कीलच्या सांध्यावर निघतो. एक स्क्रू घट्ट ठेवावा आणि दुसऱ्याचे भोक लांबट करून तो सैल बसवावा. पितळी कठड्यांचेही तसेच आहे. पितळ प्लास्टिकच्या चौथाईएवढेच लांबते, म्हणून नाळेपासून मागपर्यंत सलग चिकटवलेला कठडा एका उन्हाळ्यात सुटतो आणि सुटताना डेकच्या कडेचा रंग उचलून नेतो; तो पाच-सहा सेंटिमीटरच्या तुकड्यांत, खांबांच्या जागी तोडून लावावा.

शेवटी एक दुर्मीळ पण गंभीर कारण. कोणी तरी पूर्वी जोडलेली नौका हातात आली, कीलचा सांधा आतून ढकलल्यासारखा फुगून उघडला असेल आणि भेगेत पांढरी भुकटी दिसत असेल, तर आत वजनासाठी शिशाचे छर्रे सुताराच्या पांढऱ्या डिंकात बसवलेले आहेत असे समजावे. त्या डिंकातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाने शिसे गंजते, त्याचे कार्बोनेट बनते आणि मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. यावर बाहेरून कोणताही उपाय नाही. हातमोजे आणि मास्क घालून, भुकटी उडू नये म्हणून पाण्याचा फवारा मारत, सांधा पूर्ण उघडावा, सगळे शिसे काढून वेगळ्या बंद डब्यात ठेवावे आणि आतली बाजू ओल्या फडक्याने स्वच्छ करावी. वजन हवेच असेल तर लोखंडी नट इपॉक्सीत बसवावेत, आणि मग आडव्या तुकड्यांपासून काम नव्याने सुरू करावे.